मराठी पान चढवलं की अक्षरं फुटतात: आधी कचरा वाचा, मग दुरुस्तीला हात घाला

दर दोन-तीन महिन्यांनी मला हा फोन येतो. माणूस वेगळा असतो, तक्रार तीच असते. "दादा, माझ्या कॉम्प्युटरवर पान अगदी व्यवस्थित होतं. साइटवर चढवलं आणि मराठी सगळी गेली." मी विचारतो, गेली म्हणजे नक्की काय दिसतंय? चौकोन दिसतायत, प्रश्नचिन्हं दिसतायत, की टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं? बहुतेकांना हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो. मराठी दिसत नाही एवढं पुरे नाही का, असा त्यांचा सूर असतो. पण अर्धं निदान याच प्रश्नात आहे. बिघाड जिथे झालाय, त्याप्रमाणे कचऱ्याचं रूप ठरतं.

त्यानंतर मी एकच गोष्ट सांगतो: मी बघेपर्यंत कुठेही 'सेव्ह' किंवा 'अपडेट' दाबू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण या दुखण्यात मूळ बिघाडापेक्षा घाईच्या दुरुस्तीने जास्त मजकूर गेलेला मी पाहिला आहे.

एका छोट्या वाचनालयाचं उदाहरण देतो. त्यांच्या साइटवर बरीच वर्षं पुस्तक परिचय छापले जात होते. होस्टिंग बदललं आणि जुने सगळे लेख फुटले. नवे मात्र ठीक. तिथल्या ताई अतिशय मेहनती. त्यांनी एकेक लेख उघडला, कुठल्याशा ऑनलाइन कन्व्हर्टरमधून फिरवला आणि परत चिकटवून सेव्ह केला. चाळीसेक लेख झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की 'पुस्तक' या शब्दाचं 'प?स?तक' झालंय, 'पाठ'मधला ठ गेलाय, 'झाड'मधला झ गेलाय. इतर शब्द मात्र धडधाकट. मला फोन आला तेव्हा त्या रडायच्या बेतात होत्या. हे नेमके एवढेच वर्ण का गेले, ते पुढे सांगतो. ते एकदा समजलं की पुन्हा तशी चूक हातून होणार नाही.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पानावर जे काही वाईट दिसतंय त्यातला एखादा शब्द निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे शुद्ध मराठी उमटली, तर तुमचा मजकूर शाबूत आहे. दोष फॉन्टचा किंवा सजावटीचा आहे, त्यामुळे निवांत राहा. तिथेही तोच कचरा आला, तर अक्षरंच बदललेली आहेत. आणि पानावर मराठी छान दिसत असताना कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी येत असेल, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे. पुढचं सगळं या तिन्हींपैकी एकात बसतं.

टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं

सर्वात जास्त भेटणारा प्रकार हाच. रोमन 'ए'च्या डोक्यावर तिरकी रेघ, मग चार पाय फुटलेल्या वर्तुळासारखं चलनाचं चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग काहीतरी तिसरं. पुन्हा तोच 'ए', पुन्हा तेच चिन्ह. या तिहेरी तालावरूनच तो ओळखायचा.

ताल तिहेरी का, ते पाहू. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांचा एक सामायिक तक्ता, आणि यूटीएफ-८ ही तो साठवण्याची पद्धत. युनिकोडमधला प्रत्येक देवनागरी वर्ण यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन तुकडे, घेतो. 'मराठी' हा आपल्याला तीन अक्षरांचा शब्द वाटतो, पण यंत्राच्या हिशेबी म, र, काना, ठ आणि वेलांटी असे ते पाच वर्ण आहेत, म्हणजे पंधरा बाइट. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा ठरलेल्या दोनांपैकी एक. ब्राउझरला हा मजकूर यूटीएफ-८ आहे हे कोणी सांगितलंच नाही, तर तो अनेकदा विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपची जुनी तक्ता-पद्धत गृहीत धरतो आणि प्रत्येक बाइट सुटा वाचतो. पहिला बाइट म्हणजे टोपीवाला 'ए', दुसरा म्हणजे चलनचिन्ह किंवा येन. म्हणून तो ताल.

इथे दोन शक्यता आहेत आणि त्यातला फरक फार महत्त्वाचा आहे. एक, मजकूर ठीक आहे, पण ब्राउझर चुकीचा वाचतोय. दोन, चुकीचं वाचलेलं कोणीतरी साठवून ठेवलंय. फायरफॉक्समध्ये पान उघडा आणि व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' शोधा. ते दाबल्यावर मराठी उमटली तर पहिली शक्यता. पान स्वतःला यूटीएफ-८ म्हणवतंय म्हणून ते बटण बंद असेल आणि तरी कचरा दिसत असेल, तर दुसरी.

पहिल्या शक्यतेचा उपाय सोपा आहे. एचटीएमएलच्या हेडमध्ये चारसेट, म्हणजे अक्षरांची तक्ता-पद्धत, यूटीएफ-८ आहे असं सांगणारा मेटा टॅग घाला आणि तो अगदी सुरुवातीला घाला, टायटलच्याही आधी. ब्राउझर हा टॅग पहिल्या १०२४ बाइटांतच शोधतो, हा प्रमाणित नियम आहे. मी अशी पानं पाहिली आहेत, ज्यांच्या डोक्यावर परवान्याची लांबलचक टिप्पणी, मग आकडेवारीची स्क्रिप्ट, मग मराठी टायटल आणि त्याच्याही खाली बिचारा मेटा टॅग. टॅग आहे, पण नजरेच्या टप्प्याबाहेर. टॅग पहिल्या ओळीत आणला की काम झालं.

टॅग पहिल्या ओळीत असूनही फरक पडत नसेल, तर सर्व्हर काय सांगतोय ते बघा. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा, यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करा आणि रिस्पॉन्स हेडरमधली 'कंटेंट टाइप' ही ओळ वाचा. तिथे आयएसओ-८८५९-१ (तीही पश्चिम युरोपचीच जुनी पद्धत) लिहिलेलं असेल तर गुन्हेगार सापडला. सर्व्हरने हेडरमध्ये चारसेट सांगितला की पानातल्या मेटा टॅगला ब्राउझर विचारत नाही. सर्व्हर अपाची असेल तर एचटीॲक्सेस फाइलमधल्या 'ॲड डिफॉल्ट चारसेट' या ओळीत यूटीएफ-८ लिहा. माझ्या कॉम्प्युटरवर ठीक आणि साइटवर बिघडलेलं, या तक्रारीचं मूळ बऱ्याच वेळा इथे सापडतं. घरच्या मशीनवर फाइल थेट उघडली की मध्ये सर्व्हर नसतो आणि मेटा टॅगचंच ऐकलं जातं.

दुसरी शक्यता, म्हणजे डेटाबेसमधला घोळ

वाचनालयाचं दुखणं इथलं होतं. हा प्रकार जुन्या मराठी साइट्समध्ये इतका पसरलेला आहे, की त्यावर जरा थांबून बोलतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळचा चारसेट लॅटिन-१ होता, म्हणजे जवळजवळ ती वरचीच विंडोज-१२५२. तो २०१८ सालच्या ८.० आवृत्तीत बदलला. त्याआधी ज्यांनी साइट उभी करताना हे मुद्दाम बदललं नाही, त्यांचे टेबल लॅटिन-१ आणि साइटची डेटाबेसशी जोडणीही लॅटिन-१. मराठीचे बाइट त्यातून जसेच्या तसे आत जायचे, तसेच बाहेर यायचे, आणि पान यूटीएफ-८ असल्याने ब्राउझरमध्ये नीट दिसायचे. डेटाबेसला वाटायचं हा कुठलासा युरोपीय मजकूर आहे. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग होस्टिंग बदलतं, नवे टेबल आणि नवी जोडणी यूटीएफ-८ची होते, आणि डेटाबेस आपल्या समजुतीने त्या 'युरोपीय' अक्षरांचं यूटीएफ-८ करून देतो. जुना मजकूर फुटतो. नव्या जोडणीने लिहिलेले नवे लेख मात्र बरे दिसतात. जुने फुटलेले आणि नवे ठीक अशी स्थिती असेल तर निदान जवळजवळ पक्कं समजा.

हे दुखणं अंगात लपलेलं आहे का, ते आजच तपासता येतं. तुमची साइट छान चाललेली असली तरी पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडून लेखांच्या टेबलात डोकावा. साइटवर मराठी आणि तिथे टोपीवाली अक्षरं दिसली, तर पुढच्या स्थलांतरात हा प्रसंग तुमच्यावर येणारच. आत्ता सवडीने दुरुस्त करून घ्या.

दुरुस्ती अशी. आधी संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत वेगळी ठेवून द्या, तिला हात लावायचा नाही. मग डेटाबेसची आणखी एक प्रत तयार करून त्यावरच काम करा. त्या प्रतीचा डंप, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये, लॅटिन-१ जोडणी सांगून काढा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतील. ती फाइल यूटीएफ-८ म्हणून एडिटरमध्ये उघडली की शुद्ध मराठी दिसली पाहिजे. दिसली नाही तर इथेच थांबा. स्थलांतरानंतर लिहिलेले ठीक लेख या वाटेने प्रश्नचिन्हं होतात, ते आधी वेगळे काढून ठेवा. दिसली तर फाइलमध्ये जिथे जिथे लॅटिन-१ जाहीर केलंय तिथे यूटीएफ-८-एमबी-४ करा आणि नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. टेबल जागच्या जागी बदलायचं असेल तर स्तंभ आधी बायनरी प्रकाराचा करून मग यूटीएफ-८-एमबी-४ करतात. स्तंभाचा चारसेट सरळ लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ केला, तर डेटाबेस 'रूपांतर' करून कचरा कायमचा पक्का करतो.

'एमबी-४' का म्हणतोय तेही सांगतो. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' म्हटलं की बरीच वर्षं त्याचा अर्थ तीन बाइटांपर्यंतचे वर्ण एवढाच राहिला. मराठी त्यात बसते, म्हणून अडचण लक्षात येत नाही. पण इमोजीला चार बाइट लागतात. कोणी लेखाच्या मध्येच फुलाचं चित्र टाकलं आणि त्यापुढचा सगळा मजकूर गायब झाला, अशी तक्रार आली तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

कचऱ्यात 'ए'वर लाटेसारखी रेघ आणि दुसऱ्या 'ए'वर छपरासारखी टोपी असं आलटूनपालटून दिसलं, तर गोंधळ दोनदा झालाय. फुटलेला मजकूर कोणीतरी पुन्हा एकदा रूपांतरित केलाय. तो उलट्या क्रमाने दोनदा सोडवावा लागतो. गाठीवर गाठ बसली, एवढंच. मजकूर अजून आहे.

आता 'पुस्तक'चं 'प?स?तक' का झालं

विंडोज-१२५२च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. त्या जागांचे बाइट आले, तर ब्राउझर आणि मायएसक्यूएल ते सांभाळून ठेवतात, पण अनेक कन्व्हर्टर आणि एडिटर 'असा वर्णच नाही' म्हणून प्रश्नचिन्ह लावतात. आपल्या दुर्दैवाने देवनागरीतले कामाचे वर्ण याच पाच जागांवर येऊन पडतात. त्यांचा तिसरा बाइट तिथला असतो. ए, ऐ, झ, चंद्रबिंदू, पहिला उकार आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे हलन्त. हलन्त गेला की जोडाक्षरं गेली. 'पुस्तक'मध्ये पहिला उकार आहे आणि स्-त यांच्यामध्ये हलन्त आहे. दोन्ही गेले, म्हणून दोन प्रश्नचिन्हं.

ठची गोष्ट वेगळी आहे. त्याचा तिसरा बाइट त्या तक्त्यात 'न तुटणारी मोकळी जागा' म्हणून वाचला जातो. लेख एडिटरमध्ये चिकटवला की एडिटर ती साध्या मोकळ्या जागेत बदलतो किंवा ओळीच्या टोकाला असेल तर छाटून टाकतो. मग उलट रूपांतर करताना ठ तयारच होत नाही. 'मराठी' या शब्दातच ठ आहे, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला बळी तोच पडतो.

ताईंचे ते चाळीस लेख यंत्राने परत आणता येत नव्हते. प्रश्नचिन्हाच्या जागी उकार होता की हलन्त, हे यंत्राला कसं कळणार? सुदैवाने जुन्या होस्टिंगचं खातं अजून बंद झालेलं नव्हतं. तिथला बॅकअप घेतला, लॅटिन-१ जोडणीने डंप काढला आणि एडिटरमध्ये पहिल्याच ओळीत 'पुस्तक परिचय' असे स्वच्छ शब्द दिसले. त्या दिवशी ताईंनी मला फोनवर तो पहिला परिच्छेद पूर्ण वाचून दाखवला.

म्हणून होस्टिंग बदलताना जुनं खातं लगेच बंद करू नका. महिनाभर तरी राहू द्या, पैसे भरावे लागले तरी.

नुसती प्रश्नचिन्हं

'मराठी'च्या जागी बरोबर पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर बातमी वाईट आहे. पाच वर्ण, पाच चिन्हं. मजकूर अशा ठिकाणातून गेलाय जिथे देवनागरीला जागाच नव्हती, आणि तिथे मूळ वर्ण टाकून दिले गेले. यातून उलटा रस्ता नाही. मूळ मजकूर शोधायचा: वर्डची फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवलेला मसुदा, जुना बॅकअप. पान आधी काही काळ नीट चाललं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून बघा. मला तिथे दोनदा हरवलेले लेख मिळाले आहेत.

हे होतं कुठे? माझ्या अनुभवात बहुतेकदा एक्सेलमध्ये. सभासदांची यादी, कार्यक्रमपत्रिका, पुस्तकांची सूची एक्सेलमध्ये बनते आणि साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह होते. त्या साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह ॲजच्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या. आणि यूटीएफ-८ सीएसव्हीवर डबल क्लिक केल्यावर एक्सेलमध्ये टोपीवाली अक्षरं दिसली तर घाबरू नका, पण सेव्हही करू नका. फाइल बंद करा आणि डेटा टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ निवडा. दुसरी जागा जुनं नोटपॅड. २०१९च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८मध्ये सेव्ह करतं. त्याआधीचं 'ॲन्सी' निवडायचं आणि फक्त एक इशारा द्यायचं. अनेक कार्यालयांत जुनी मशीन अजून आहेत, तेव्हा सेव्ह करताना खालची एन्कोडिंगची चौकट एकदा वाचा.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह

तिरक्या काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह, तेही फक्त लेखाच्या त्रोटक परिचयाच्या शेवटी. म्हणजे मजकूर बाइट मोजून कापलाय आणि कात्री एखाद्या वर्णाच्या पोटातून गेलीय. पीएचपीत 'सबस्ट्र' ऐवजी 'एमबी सबस्ट्र' वापरा म्हणतात. ते बरोबर आहे, पण मराठीला तेवढं पुरत नाही. वर्ण मोजून कापलं तरी 'प्रश्न'चा 'प्रश्' उरू शकतो, लटकता हलन्त घेऊन. मी मर्यादेच्या आतली शेवटची मोकळी जागा शोधून तिथे कापतो. शब्द पूर्ण राहतो आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटतं.

पानावर मराठी, कॉपी केल्यावर खिचडी

दिवाळी अंक, स्मरणिका, अहवाल वेबवर चढवताना हा प्रकार येतो. मजकूर श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली आहेत. फॉन्ट सोबत असेल तोवर मराठी, फॉन्ट काढला की खिचडी. इथे बिघाड काहीच नाही, मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये नव्हताच. चारसेट बदलून, टॅग घालून काही होणार नाही. त्या त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो, आणि तोही फॉन्टच्या नेमक्या नावाचा. एका घराण्यातल्या दोन फॉन्टच्या मांडणीतही फरक असू शकतो, म्हणून डीटीपी करणाऱ्यांना फॉन्टचं पूर्ण नाव विचारून घ्या.

कन्व्हर्टरने दिलेला मजकूर वाचून काढल्याशिवाय चढवू नका. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचंही तसंच, तिथे तो नंतर येतो, इथे आधी. रूपांतरात नेमक्या याच दोन जागा चुकतात. ठिपक्यांचं गोल दिसलं आणि त्याला वेलांटी चिकटलेली असली, तर ती वेलांटी व्यंजन सोडून एकटी पडलीय असं समजा. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीत हीच तऱ्हा होते. मुद्रकाकडून पीडीएफ न घेता जुळवणीची मूळ फाइल मागून घ्यावी, वेळ वाचतो.

कचरा नाही, पण मराठी चुकतेय

इथून पुढचे बिघाड लोक बिघाडच मानत नाहीत. मला ते मानावेसे वाटतात, कारण वाचणाऱ्याला ते टोचतात.

'आचाऱ्यांना बोलवा' असं लिहिलं आणि साइटवर 'आचार्यांना बोलवा' उमटलं. पंगतीसाठी स्वयंपाकी हवे होते, आमंत्रण गुरुजींना गेलं. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. हा अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दुसरीत ऱ हा स्वतंत्र वर्णच वापरतात. साइटवरचा एखादा 'सफाई' करणारा प्लगइन अदृश्य चिन्हं काढून टाकतो आणि पहिल्या पद्धतीचं सगळं लेखन बिघडतं. म्हणून ऱ वापरा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. जुना मजकूर असेल तर र, हलन्त, जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. एकदाच करायचं काम आहे.

तसंच ॲ. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी अ लिहून त्यावर चंद्र दिला. दोन्ही दिसायला सारखे, पण यंत्राला वेगळे. म्हणून साइटच्या शोधात 'ॲप' टाकलं की निम्मे लेख सापडत नाहीत, आणि आपण शोधाच्या प्लगइनला दोष देत बसतो. एका पद्धतीवर या, ॲ वर.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील, तर पानाच्या एचटीएमएल टॅगमधली भाषा तपासा. तिथे इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेलं असतं, कारण थीम तशीच येते. भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर' केला, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं आहे ते आपोआप लागू होतं. नोटो सॅन्स देवनागरीत ते आहे. 'तिरो देवनागरी मराठी' तर मराठीसाठीच केलेला फॉन्ट आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली लिपी आहे, २००९च्या शासन निर्णयात तिची नोंद आहे. एक शब्द बदलून ती मिळत असेल तर सोडू नये.

सजावटीचे दोष चटकन सांगतो. शिरोरेषा तुटक दिसतेय, तर सीएसएसमध्ये 'लेटर स्पेसिंग' शून्य करा. इंग्रजी शीर्षकांसाठी थीमवाले ते देतात. वरच्या मात्रा किंवा खालचे उकार कापले जातायत, तर ओळींची उंची वाढवा. मी १.७ ठेवतो, आणि शीर्षकाच्या पेटीवर 'ओव्हरफ्लो हिडन' असेल तर काढतो. जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसतायत आणि तीही फक्त तुमच्या साइटवर, तर फॉन्टची फाइल हलकी करताना त्यातले जोडाक्षरांचे नियमच छाटले गेलेत. मूळ फॉन्ट पुन्हा आणा.

पत्त्याबद्दल एक. पानाच्या पत्त्यात मराठी ठेवली की प्रत्येक वर्णाची नऊ चिन्हं होतात. एकट्या 'मराठी'ची पंचेचाळीस. वर्डप्रेस पत्ता दोनशे चिन्हांवर कापतं, म्हणजे जेमतेम बावीस वर्ण. लांब मराठी शीर्षकांचे पत्ते अर्धवट तुटतात, आणि पाठवलेला दुवा टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होऊन दिसतो. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता रोमनमध्ये दोन-तीन शब्दांचा द्या. हे पान पहिल्यांदा प्रकाशित करण्याआधी करायचं. नंतर पत्ता बदलला तर वाटलेले दुवे मरतात.

दुरुस्ती करूनही जुनंच दिसतंय, तर खाजगी खिडकीत उघडून बघा. कॅशने, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीने, कितीतरी वेळा मला तासभर वेड्यासारखं फिरवलंय.

चाचणीचं वाक्य

कुठलीही नवी साइट, नवं होस्टिंग, नवी थीम किंवा नवा प्लगइन आला, की मी खऱ्या मजकुराआधी एक वाक्य चढवतो:

'ऐका, आठ आचाऱ्यांनी झुणका ॲल्युमिनियमच्या एकाच परातीत शिजवला.'

त्याच्या शेवटी एक इमोजी जोडतो. सेव्ह करतो, पान बंद करतो, पुन्हा उघडून एडिटरमधून सेव्ह करतो, मग खाजगी खिडकीत बघतो. ऐ, झ, ए, उकार किंवा हलन्त गेले, तर मध्ये कुठेतरी विंडोज-१२५२ बसलंय. 'आठ'मधला ठ गेला, तर मोकळ्या जागा साफ करणारं काहीतरी आहे. आचाऱ्यांचे आचार्य झाले, तर कुठलीतरी सफाई ऱ लाही सोडत नाही, आणि जोडचिन्हाने लिहिलेला जुना मजकूर तर नक्कीच टिकणार नाही. इमोजीपाशी अडलं तर डेटाबेस एमबी-४ नाही. 'शिजवला'मधले ल आणि श बघितले की भाषेचा टॅग कळतो. हेच वाक्य शोधाच्या पेटीत टाकून सापडतं का, तेही बघतो. मग डंप काढून तो एडिटरमध्ये उघडतो आणि त्यात ते वाक्य जसंच्या तसं वाचता येतं का पाहतो. ताईंनी ते आपल्या टेबलाशेजारच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलंय.